वायर नवी, गिअरची कुरकुर जुनीच: गोव्यातल्या रोड बाईकच्या केबलचं दुखणं

तक्रार जवळजवळ नेहमी याच शब्दांत येते: "मागचा गिअर मोठ्या चक्रीवर व्यवस्थित चढतो, पण छोट्या चक्रीकडे येताना अडखळतो. क्लिक केलं तरी चेन जागची हलत नाही, दोन-तीन पेडल मारल्यावर खटकन पडते. परवाच तर वायर बदलली!" म्हापसा असो, फोंडा असो की मडगाव, सप्टेंबर सरता सरता हे ऐकू येऊ लागतं. मग कोणी वायरचा ताण बदलणारा बॅरल अॅडजस्टर फिरवत बसतो, कोणी चेनला एका चक्रीवरून दुसरीवर नेणाऱ्या डिरेलरला दोष देतो, कोणी पुन्हा एक नवी वायर टाकतो. थोडे दिवस बरे जातात आणि गाडी परत मूळ पदावर.

बहुतेक लोक बदलतात ती आतली वायर. बिघडलेला असतो तो बाहेरचा आऊटर, म्हणजे वायर जिच्यातून सरकते ती नळी. माझं सगळं म्हणणं या एका ओळीत आहे. पण बाजारात गेल्यावर नेमकं काय मागायचं, हा प्रश्न उरतोच, आणि तिथे चुकीची वस्तू हातात पडायला वेळ लागत नाही.

आधी दोष वायरचाच आहे ना, ते बघा

मोठ्या चक्रीवर जाताना वायर ओढते ती तुमच्या बोटाची ताकद. छोट्या चक्रीकडे येताना मात्र शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) फक्त वायर सोडतो, पुढचं काम डिरेलरच्या स्प्रिंगने करायचं असतं. बोटाच्या जोरापुढे घर्षण दबून जातं, स्प्रिंगपुढे ते उभं राहतं. म्हणून चढताना ठीक आणि उतरताना आळशी, हे लक्षण दिसलं की वायर आऊटरमध्ये अडकते आहे असं समजावं. ११ स्पीडच्या, म्हणजे मागे ११ चक्र्या असलेल्या, शिमानो कंपनीच्या रोड शिफ्टरमध्ये एका क्लिकला जेमतेम २.७ मिमी वायर सरकते, जुन्या १० स्पीडमध्ये २.३. एवढ्या हिशेबात अर्धा मिलिमीटर अडकला तरी चेन दोन चक्र्यांच्या मध्ये कुरकुरत राहणार.

खात्री करायला एक सोपी युक्ती आहे, तिला हत्यारही लागत नाही. चेन मागच्या सर्वात मोठ्या चक्रीवर आणा. पेडल थांबवा. आता चाक न फिरवता शिफ्टर एकेक क्लिक करत शेवटपर्यंत सोडा. चेन तिथेच राहील, पण वायर सैल पडेल. फ्रेमवरच्या ज्या खाचांत आऊटरची टोकं बसलेली असतात, त्यांतून ती बाहेर काढा आणि प्रत्येक तुकडा वायरवर मागेपुढे सरकवून बघा. चांगला आऊटर लोण्यासारखा सरकतो. खराब असेल तर बोटांना खरखर लागते, कधी तो हलतच नाही. बहुतेक वेळा असा नाठाळ तुकडा एकच असतो: डिरेलरकडे वळसा घेऊन जाणारा शेवटचा.

फ्रेमच्या आतून वायर जाणाऱ्या सायकलीत एवढं सगळं उघडं नसतं. तरी मागचा वळसा बाहेरच असतो, आणि त्याची परीक्षा अशीच घेता येते.

उलट, चढताना आणि उतरताना दोन्हीकडे गोंधळ असेल तर डिरेलर हँगर, म्हणजे डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा, वाकलाय का ते पाहा. सायकल उजव्या बाजूला पडली, किंवा फेरीबोटीत कुणाची स्कूटर टेकली, तरी तो वाकतो. हँगर वाकलेला असताना जगातली कुठलीही वायर टाका, फरक पडणार नाही. झिजलेली चेन आणि कॅसेटही (मागच्या चक्र्यांचा संच) असंच नाटक करतात, पण तेव्हा दात घसरतात, उतरायला उशीर लागत नाही.

मागचा तुकडाच का?

पाणी वायरच्या अंगावरून वाहत येतं. डाऊन ट्यूबवरून (फ्रेमची तिरकी नळी) खाली, बॉटम ब्रॅकेटखालच्या (पेडलचा आस बसतो ती जागा) प्लास्टिकच्या खाचेतून, चेनस्टेवरून (तिथून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) थेट शेवटच्या आऊटरच्या तोंडात. तिथे वळसा असल्यामुळे ते साचतं. पाणी नुसतं असतं तर वाळून गेलं असतं. आपल्याकडे त्यात मीठ असतं. किनाऱ्यावरची हवा खारी, आणि दिवाडीला जाताना फेरीच्या उतारावर चाकांना लागतं ते पाणीही भरतीचं, खारंच. त्यात डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यातून फिरणाऱ्यांसाठी लाल धूळ आहे. ही धूळ तेलात मिसळली की तिचा लेप होतो, आणि तो लेप आऊटरच्या आतल्या प्लास्टिकच्या नळीला कानशीसारखा घासतो.

गिअरच्या आऊटरमध्ये पोलादाच्या बारीक तारा लांबीच्या दिशेने लावलेल्या असतात. कापलेल्या टोकाशी त्या उघड्या राहतात. गंज तिथून आत शिरतो. गंजाला मूळ पोलादापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे तारा फुगतात आणि आतली नळी आवळतात. बाहेरून आऊटर काळाकुळकुळीत, नवाकोरा दिसतो. त्यात चकचकीत नवी वायर घातली की ती काही दिवस नव्या गुळगुळीतपणावर चालते. "वायर बदलून फरक पडला होता" असं लोक शपथेवर सांगतात ते यामुळेच, आणि ते खोटं बोलत नसतात.

आणखी एक कोडं: "मी पावसात सायकल बाहेरच काढली नाही, घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, चालवली, तरी वायर गंजली." हो, गंजणारच. चार महिने बंद खोलीत, जुलैच्या दमटपणात, हँडलवर घाम टपकतो. घाम म्हणजे मिठाचं पाणी. तो हँडलवर गुंडाळलेल्या टेपमधून झिरपून खालच्या आऊटरवर जातो आणि तिथेच मुरतो. २०१९ मध्ये मिरामारला पहिल्यांदा आयर्नमॅन ७०.३ ही पोहणं-सायकल-धावण्याची शर्यत झाली, तेव्हापासून ट्रेनरवाले वाढले आणि हा प्रकारही जास्त दिसू लागला. ट्रेनरवर बसताना हँडल आणि टॉप ट्यूबवर जुना टॉवेल टाका, एवढा एकच उपाय.

सायकल धुवायला स्कूटरच्या सर्व्हिसिंगमध्ये नेऊन प्रेशरचा फवारा मारून घेणारेही आहेत. त्या फवाऱ्याने पाणी आऊटरच्या टोकांना बसवलेल्या टोप्यांमधून आत ढकललं जातं. बादली आणि फडकं पुरतं.

सतत अॅडजस्टर फिरवावा लागत असेल तर थांबा

हे वेगळं दुखणं आहे आणि जास्त धोक्याचं. दर राइडला अॅडजस्टर अर्धा वळसा उघडावा लागतोय, काल जमलेला गिअर आज जमत नाही, मोठी चक्री तर लागतच नाही. याचा अर्थ वायरचे धागे शिफ्टरच्या आत एकेक करून तुटत आहेत. शिमानोच्या जुन्या टियाग्रा ४६०० सारख्या शिफ्टरमध्ये गिअरची वायर बाजूने उघडी बाहेर पडायची. टियाग्रा ४७०० पासून ती टेपखालून जाते. दिसायला सुबक, पण लिव्हरच्या आत वायरला फार आखूड वळण घ्यावं लागतं, आणि प्रत्येक क्लिकला ती त्याच जागी वाकते. शिमानोच्याच १०५ आणि अल्टेग्राच्या ११ स्पीड शिफ्टरमध्येही हाच प्रकार होतो.

अशा वेळी क्लिक करत राहू नका. सुटे धागे आतल्या चकतीभोवती गुंडाळले जातात, आणि शेवटी वायरच्या टोकाचं जाड डोकं तुटून आत अडकलं की ते काढताना मेकॅनिकच्याही कपाळाला आठ्या पडतात. शिफ्टर सर्वात छोट्या चक्रीच्या स्थितीत न्या, रबरी हूड मागे सारा, वायरचं डोकं भोकात दिसेल. तिथून ते ढकलून काढा. तुटलंच असेल तर बारीक चिमटा, टॉर्च आणि सबुरी.

वायर घेताना

दुकानात "सायकलची ब्रेक वायर द्या" म्हटलं तर हातात येईल ती साध्या सरळ हँडलच्या सायकलची. तिचं डोकं आडव्या डबीसारखं गोल असतं. रोड बाईकच्या, म्हणजे वाकड्या हँडलच्या लिव्हरला निमुळतं, नासपतीच्या आकाराचं डोकं लागतं. काही वायरींना दोन टोकांना दोन डोकी असतात. नको असलेलं कापून टाकायचं, पण कोणतं ते दोनदा बघून. ब्रेकची वायर १.५ किंवा १.६ मिमी जाडीची, गिअरची १.१ किंवा १.२. गिअरची वायर ब्रेकला कधीही लावायची नाही. "तात्पुरती" हा शब्द इथे चालत नाही.

गिअरच्या वायरचं डोकं शिमानो आणि स्रॅम या दोन्ही कंपन्यांना एकाच मापाचं चालतं. कॅम्पाग्नोलो या कंपनीचं थोडं लहान असतं, त्यामुळे शिमानोची वायर त्यात बसत नाही. गोव्यात कॅम्पाग्नोलोवाले बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांना हे आधीच ठाऊक असतं.

आता धातू. स्वस्त वायर जस्ताचा मुलामा दिलेली असते. जस्त आधी स्वतः झिजतं आणि आतल्या पोलादाला वाचवतं, हे खरं. पण खाऱ्या हवेत ते झिजायला वेळ लागत नाही, आणि त्याची पांढरी भुकटी आऊटरमध्येच पडते. इथे स्टेनलेसच घ्या. तीही अमर नाही, मिठाने तिलाही बारीक खड्डे पडतात, पण बराच काळ टिकते. काही जण दुकानात चुंबक लावून "चिकटली, म्हणजे स्टेनलेस नाही" असा निवाडा देतात. तो निवाडा चुकीचा आहे. स्टेनलेसची तार थंड अवस्थेत ओढून बारीक करताना तिच्यात थोडं चुंबकत्व येतं, त्यामुळे अस्सल वायरही चुंबकाला धरते.

स्टेनलेसमध्येही साधी आणि गुळगुळीत केलेली असे दोन प्रकार मिळतात. गुळगुळीत वायरच्या धाग्यांचे बाहेरचे उंचवटे सपाट केलेले असतात, त्यामुळे ती कमी घासते. साधीपेक्षा थोडी महाग पडते, पण त्या पैशाचं काम करते. त्याच्या वरची पायरी म्हणजे पॉलिमरचा लेप दिलेली वायर. पहिल्या दिवशी तिच्यासारखं सुख नाही. पण शिफ्टरच्या वळणावर आणि टोप्यांशी तो लेप सोलवटतो, त्याचे कापसासारखे तंतू निघतात, आणि त्या तंतूंना आपली लाल धूळ येऊन चिकटते. कोरड्या, थंड प्रदेशात ती खुशाल वापरावी. गोव्यात तेवढ्याच पैशांत गुळगुळीत स्टेनलेसचे दोन संच घेऊन वेळेवर बदललेले बरे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आऊटर घेताना

ब्रेकचा आणि गिअरचा आऊटर वरून जुळ्या भावांसारखे दिसतात, आत मात्र वेगळे. ब्रेकचा ५ मिमीचा, आत पोलादाची पट्टी स्प्रिंगसारखी गोल गुंडाळलेली. गिअरचा साधारण ४ मिमीचा, आत उभ्या तारा. शिमानोने १९८४ मध्ये ड्युरा-एसच्या ७४०० संचाबरोबर क्लिकवाले गिअर आणले, तेव्हा न दबणाऱ्या आऊटरची गरज पडली, कारण गुंडाळलेला आऊटर वळणावर आणि दाबाखाली थोडा आखडतो आणि क्लिकचं माप चुकतं.

उलटी चूक, म्हणजे ब्रेकला गिअरचा आऊटर लावणं, जीवावर बेतते. गिअरच्या आऊटरमधल्या उभ्या तारांना बाहेरून धरून ठेवतं ते फक्त प्लास्टिक. ब्रेक जोरात दाबला तर ते फाटून तारा बाहेर येऊ शकतात, आणि मग लिव्हर थेट हँडलला टेकतो. चोर्ला घाट उतरताना हे झालं तर पुढचं वळण कोणी घ्यायचं? दुकानदार "चालतो हा, एकच असतो" म्हणाला तर हसून दुसऱ्या दुकानात जा. ब्रेकसाठी न दबणारा आऊटर वेगळा मिळतो, त्यात उभ्या तारांभोवती मजबूत वेष्टन असतं आणि पाकिटावर तो ब्रेकचा असल्याचं लिहिलेलं असतं. वायरवर चालणारे डिस्क ब्रेक असतील तर हाच घ्यावा. लिव्हरचा स्पंजासारखा मऊपणा बराच कमी होतो.

शिमानोचा एसपी४१ हा गिअरचा आऊटर आत कारखान्यातूनच सिलिकॉन ग्रीस घालून येतो. त्यात वरून काही ओतायची गरज नाही. डब्ल्यूडी-४० तर नाहीच, तो आतलं ग्रीस धुऊन काढतो. डिरेलर शिमानोचा आर७००० किंवा आर८००० असेल, म्हणजे चाकाच्या जवळ दडलेला, तर मागच्या वळशासाठी आरएस९०० हा जास्त लवचीक आऊटर लागतो. तिथे एसपी४१ टाकला तर तो ताठ राहतो आणि डिरेलरलाच ढकलतो.

टोप्यांकडे कोणी बघत नाही, आणि खारं पाणी नेमकं तिथूनच आत जातं. मागच्या वळशाच्या दोन्ही टोकांना रबरी सील किंवा पुढे बारीक नळी असलेल्या टोप्या घ्या. गिअरला प्लास्टिकच्या चालतात आणि त्या फ्रेममध्ये गंजून चिकटत नाहीत. ब्रेकला धातूच्याच लावा.

ब्रेकचं थोडक्यात

लिव्हर सोडल्यावर मागचा ब्रेक हळू परततो, पॅड रिमला घासत राहतं, ही नेहमीची कुरकुर. वायर सोडा आणि कॅलिपर (पॅड धरणारा चिमटा) हाताने दाबून बघा. तो मोकळा चालला तर दोष वायर-आऊटरचा, नाहीतर कॅलिपरच्या सांध्यात मीठ बसलंय. नवीन वायर टाकताना पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे हे मेकॅनिकला आधी सांगा. परदेशातून आलेल्या काही सायकलींत तो डाव्या हाताला असतो. आपल्याला स्कूटरमुळे उजवा हात पुढच्या ब्रेकची सवय, त्यामुळे न विचारता झालेली अदलाबदल पहिल्या चौकातच कळते.

बसवताना

आऊटर पक्कडीने कापू नका, टोक चपटं होतं. केबल कटर घ्या, आणि कापताना जुनी वायर आत राहू द्या म्हणजे नळी दबत नाही. कापल्यावर टोक कानशीने सपाट करा आणि आतली नळी दाभणाने उघडा. कंटाळवाणं वाटतं, पण बरंच घर्षण याच टोकाशी जन्मतं. लांबीचं माप म्हणून जुना तुकडा वापरा, मात्र तो मुळात बरोबर कापलेला होता का ते बघा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवलं तर आऊटर ताणला जाऊ नये, आणि मागचा वळसा एका मोकळ्या कमानीत यावा.

बॉटम ब्रॅकेटखालची प्लास्टिकची खाच काढून धुवा. ती स्वस्त मिळते, झिजून वायरची रेघ खोल गेली असेल तर बदलाच. बॅरल अॅडजस्टरच्या आट्यांना ग्रीस लावा. अॅल्युमिनियमवर मिठाचा पांढरा थर बसला की तो पुढच्या वर्षी फिरणारच नाही. वायर धरणारा बोल्ट मागच्या डिरेलरला ६ ते ७ न्यूटन-मीटर, ब्रेकला ६ ते ८. वायर ताणण्याआधी अॅडजस्टर पूर्ण आत करून एखादा वळसा बाहेर ठेवा. पहिल्या एक-दोन राइडमध्ये आऊटरची टोकं टोप्यांत नीट बसतात आणि थोडा ढिलेपणा येतो, तो तिथून भरून काढता येतो. ब्रेक लावून झाल्यावर लिव्हर उभ्याउभ्याच पूर्ण जोर लावून अनेकदा दाबा. काही सुटायचं असेल तर अंगणात सुटू दे.

मागच्या वळशाचा आऊटर आणि गिअरची वायर दर पावसाळा संपल्यावर बदला. समुद्राजवळ राहत असाल तर बाकी सगळा संच वर्षातून एकदा. फोंडा-वाळपईकडच्यांनी आधी वर दिलेली परीक्षा करावी, आणि ज्या तुकड्याने खरखर केली तेवढाच बदलावा.

वाटेत तुटली तर

गिअरची वायर तुटली की मागचा डिरेलर सर्वात छोट्या चक्रीवर जाऊन बसतो, म्हणजे सर्वात जड गिअर. केरीहून चोर्ला चढताना हे झालं तर पाय बोलू लागतात. डिरेलरवर दोन लहान स्क्रू असतात. त्यातला एच लिहिलेला आत फिरवत गेलात तर डिरेलर एक-दोन चक्र्या आत सरकून अडकून राहतो. डिरेलरकडचं तुटकं टोक पुरेसं लांब असेल तर ते हाताने ओढून, चेन मधल्या एखाद्या चक्रीवर आणून, फ्रेमच्या बाटलीच्या स्क्रूखाली दाबून टाका. पुढची छोटी चेनरिंग (पेडलजवळची चक्री) लावा आणि त्या एका गिअरवर घर गाठा. सीटखालच्या पिशवीत एक गिअरची वायर गुंडाळून ठेवायची असेल तर २१०० मिमीची ठेवा, आखूड वायर मागच्या डिरेलरपर्यंत पोचत नाही. आणि ती प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत बंद करून ठेवा, नाहीतर लागेल तेव्हा तीच गंजलेली निघेल.